हात लावायचा नाही

सुचेताच्या हातांना दम म्हणून नाही. बँकेची नोकरी सोडली आणि केबिन रोडमागच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाईने नुसता उच्छाद मांडला. भाजी निवडून झाली की डबे घासायचे, ते झाले की पुन्हा तेच डबे. नवरा, पराग, वैतागून म्हणाला, "अगं, जरा टेक!" टेकते कसली!

शेवटी तिला हाताशी धरलं ते खारी गावातल्या पुष्पलताने. बाजारात ओळख झाली आणि मैत्री जमली. वालांना मोड आणून सोलणं, जवळा वाळवणं, सगळं तिनेच शिकवलं. मग पुष्पलताचं घर बिल्डिंगसाठी पाडलं आणि ती सातव्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत गेली. तिथे कोंबड्या कोण ठेवू देणार? तिच्या आईच्या वेळच्या गावठी वाणाची एकच म्हातारी कोंबडी उरली होती, ती नेमकी अंडी उबवायला खुडूक बसलेली. टोपलीतल्या अंड्यांसकट ती सुचेताच्या मागच्या अंगणात आली.

"ह्यातून पिल्लू निंगालं तर आयचा वाण राहील," पुष्पलता म्हणाली. "पन एक हाय, हात लावाचा न्हाय."

म्हणजे सुचेताला शिक्षाच की! चहा झाला की कोंबडी उचल, मोबाइलचा टॉर्च लाव, अंडं उजेडात धरून बघ. कोंबडी चिडून टोचायची, तरी ही बया ऐकेना. अंडी गार पडत गेली, बाद होत गेली. उरली दोन.

एका सकाळी त्यातल्या एकाचा टवका उडाला. आत इवलीशी चोच दिसली, चिवचिव ऐकू आली, आणि पुढे काहीच घडेना. बिचारं अडकलं असेल! सुचेताने नखाने कवच सोलायला घेतलं. आतला पडदा फाटला, रक्त आलं. पिल्लू तिच्या तळहातावर जरासं हललं आणि थांबलं.

फोन केल्यावर पुष्पलता धावत आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "रगात आजून बाहेर पडद्यातच व्हतं त्याचं," ती एवढंच म्हणाली. "ते अंगात वढून घेतं, मंग निंगतं. म्हनून थांबतं ते."

तेवढ्यात दुसरं अंडं तडकलं. सुचेताची बोटं लगेच वळवळायला लागली. "धर मला, पुष्पा!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

पुष्पलताने तिची दोन्ही मनगटं गच्च धरली. दोघी टोपलीपुढे फरशीवर बसून राहिल्या. कुकर लावायचा राहिला, पराग मध्येच डोकावून गेला. ऊन उतरलं तेव्हा ओलं, काळं पिल्लू आपलं आपण धडपडत बाहेर आलं आणि कोंबडीच्या पोटाखाली शिरलं.

"आलं गं बाई! सोड आता," सुचेता हसत-रडत म्हणाली.

पुष्पलता सोडेना. "सोडून जाऊ कुठं?" ती म्हणाली. "वर त्या खोलीत हातांना काय कामच न्हाय गो."

सुचेताच्या मनगटांवर वळ उठले होते. ती हलली नाही.