वसुलीच्या नोटिशीला उत्तर

कचेरीसमोर टायपिंग करणाऱ्याची बोटं झिजतात म्हणे. माझे तर कान झिजले! सत्तरच्या दशकात वाशीमच्या कचेरीसमोर, निंबाखाली आम्ही दोघं बसायचो. शामरावकाका मजकूर सांगायचे, मी टाइप करायचो. सोसायटीच्या वसुलीच्या नोटिसा तेव्हा कर्ज घेणारा सोडून बाकी सगळ्यांना जायच्या. मग हरकतीचा अर्ज लिहायला माणसं आमच्याकडे! काकांची एकच इच्छा होती, वसुलीच्या साहेबांनी आपला एक तरी अर्ज मंजूर करावा. पण साहेब मंजूर करतील तर शपथ!

\*

अनसिंगच्या एका बुवाला पाण्याच्या इंजिनाच्या कर्जाची नोटीस आली. बुवाच्या शेतात विहीरच नव्हती! काका चांगला कायदेशीर मजकूर सांगत होते, तर बुवा म्हणाला, "एवढं कायले लिहिता? माही विहीर कुठी हाये ते सांगा म्हना, मी बी पाहून येतो!"

तसंच लिहिलं. नामंजूर.

\*

मेडशीचे नारायणबुवा स्वतःच्या वारसांना आलेली नोटीस घेऊन आले. नोटिशीत ते मयत होते! काका म्हणाले, "पहिले तुमी जिते हा, हे लिहू."

"थांबा ना बापा! जिता असलो त पैसे मले मागतीन, मेलो त पोराले. पोरगं लई दिमाख दाखून राह्यलं. कापूस निघेपर्यंत राहू द्या मले मेलेला!"

त्या दिवशी अर्जच झाला नाही. काका खुशीत म्हणाले, "हा एक काई नामंजूर होत नाई!"

\*

मानोऱ्याकडच्या कमलाबाईचं घर शिवणकामावर चालायचं. कर्ज दुसऱ्याच कमलाबाईचं, आणि जप्ती हिच्या हातमशीनवर! आमचा अर्ज फेटाळल्यावर बाईनं मशीन डोक्यावर घेतलं आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"घ्या, करा जप्त. अन् हे पोलक्यायचे कापडं बी घ्या. संक्रांतीच्या आत शिवून द्या, नाई त बाया तुमच्या घरी येतीन. वरचं कापड तुमच्या बाईसायबाचंच हाये!"

जप्ती तिथंच रद्द झाली, पण तोंडी. अर्ज मात्र नामंजूरच राहिला.

\*

आणि एका दुपारी साहेब स्वतःच आमच्या बाकावर येऊन बसले. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन म्हणून त्यांनाच नोटीस आली होती. जामीनपत्रावरची सही त्यांची नव्हती. पण पगारातून कपात होणार होती आणि पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं. माणूस घामाघूम झालेला. मला खरंच वाईट वाटलं.

"काका, कोनाले नाई म्हनताच येऊ नये, असा अर्ज लिहा."

"अर्ज कोन्या सायबाच्या नावानं करू?"

साहेबांनी मान खाली घातली. "माह्याच."

नोटिशीवर सही त्यांचीच होती. शिपाई नोटिसा, उत्तरं सगळ्यांचा एकच गठ्ठा आणायचा, साहेब न वाचता सह्या करत सुटायचे.

काकांनी त्या अर्जात जीव ओतला. पैसेही घेतले नाहीत. "हा त मंजूर होतेच!" म्हणाले.

आठवड्यानं साहेब उत्तराचा कागद घेऊन परत आले. अर्ज नामंजूर. खाली त्यांचीच ठसठशीत सही!

साहेब बाकावर टेकले, टोपी काढली आणि म्हणाले, "काका, हा मानूस कोनाचंच आयकत नाई!"