पालक अविवाहित होते

"ताई, 'मंडळीत नवे पालक आले. ते तरुण होते, अविवाहित होते.' हे काय छापलंय तुम्ही?"

एस्तेर इंदापूरहून पहिल्या एसटीने बारामतीला आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता तिने आम्ही पाहायला पाठवलेला छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी ते वाक्य वाचलं आणि माझे कान गरम झाले. कारण ते 'पालक' मीच केले होते.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापण्याआधी कच्ची प्रत, आम्ही तिला प्रूफ म्हणतो, ती वाचून चुका काढायच्या. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, साखर कारखान्यांचे अहवाल, सगळं माझ्या हाताखालून जायचं. शुद्धलेखनाचा मला चांगलाच ताठा होता. दुकानांच्या पाट्या वाचतानाही माझ्या हाताला लाल पेन हवं असायचं.

एस्तेर इंदापूरला शाळेत शिकवायची. तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तरुणांचं शिबिर होणार होतं. त्यासाठी तिने छोटी कादंबरी लिहिली होती. नर्सिंग शिकणारी एक मुलगी, तिचं एका मुलावर प्रेम. आई गेल्यापासून त्या मुलाचा देवावरचा विश्वास उडालेला, त्याचं उपासनेला येणं बंद झालेलं. मुलीचे वडील म्हणतात, "चर्चची पायरी न चढणाऱ्याला मुलगी देणार नाही." मुलगी कोणालाच सोडायला तयार नाही. देवालाही नाही आणि त्यालाही नाही.

पहिल्याच फर्म्यात मला 'पाळक' हा शब्द दिसला. फर्मा म्हणजे एका कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. मला वाटलं, बाईंचा ल आणि ळ यांत घोटाळा आहे. मी लाल पेनने समासात लिहिलं, 'पाळक नव्हे, पालक. सगळीकडे.' या 'सगळीकडे'ला आमच्या धंद्यात फार वजन. एकदा लिहिलं की खिळे जुळवणारा पुढे विचारत नाही, दिसेल तिथे बदलतो.

आमचे जुळारी महादूतात्या. शिशाची एकेक अक्षरं वेचून ओळी लावायचे. त्यांना माझी ही दुरुस्ती मनापासून आवडली होती. त्याचं कारण पुढे कळलं.

"पाळक म्हणजे काय गं?" मी एस्तेरला हळूच विचारलं.

"पाळक म्हणजे पास्टर, ताई. मंडळी हा कळप आणि पाळक तिचा मेंढपाळ."

खिळे ठेवायच्या लाकडी केसमागून तात्या म्हणाले, "म्हंजी मेंढरं राखनारा व्हय? मग आदी इचारायचं न्हाय का बाई. मी धनगरच हाय की."

मला हसूही येईना. मी तिने आणलेला कागद पुढे ओढला, तो दुसरा फर्मा होता. तिची नायिका सल्ला मागायला पाळकांकडे जाते, तो सगळा भाग त्यातच होता. 'पालक म्हणाले, मी तुझ्या घरी येऊन तुझ्या वडिलांशी बोलतो.' या फर्म्याचं प्रूफ मीच वाचलं होतं. अक्षर न् अक्षर तपासलं होतं आणि गोष्ट मात्र वाचलीच नव्हती.

"रविवारी प्रकाशन आहे," एस्तेर म्हणाली. मग खुर्ची ओढून बसत म्हणाली, "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? ही गोष्ट माझीच आहे. सुधीरचं नाव काढलं की पप्पा उठून जातात. आमच्या पाळकांनी समजावून पाहिलं, तर त्यांच्याशीही बोलणं टाकलं. माझी वही दिली, हात लावला नाही. पण छापलेलं काहीही असो, पप्पा वाचतात. पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकतात. पाळकांचं म्हणणं त्यांनी एकदा शांतपणे वाचावं, एवढ्यासाठी हे पुस्तक."

आणि तेच म्हणणं मी पुसून टाकलं होतं.

मालक अण्णा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शुद्धिपत्र चिकटवू. 'पालक'ऐवजी 'पाळक' वाचावे. झालं."

"नाही होणार, अण्णा," मी म्हणाले. "खरे पालकही आहेत ना त्यात. 'पालकांनी मुलीला कोंडून ठेवलं' असं वाक्य आहे. तिथे पाळक वाचलं तर पास्टरनेच मुलीला कोंडलं असं होईल."

एस्तेरने कपाळाला हात लावला. अण्णांनी तो कागद उचलला आणि एकेक पालक मोजला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"पहिला फर्मा?"

"त्यात एकदाच आहे. तिथे दुरुस्तीची छापील पट्टी चिकटवता येईल. दुसरा पूर्ण नव्याने जुळवावा लागेल." छापून झाल्यावर आम्ही खिळे सुटे करून परत केसमध्ये टाकायचो, त्यामुळे जुळवलेली पानं मोडून गेली होती.

"तात्या, शुक्रवारपर्यंत होईल?" तो बुधवार होता.

"व्हईल. पर ळ कुठनं आनू?" तात्यांनी केसमधला रिकामा खण दाखवला. "समदे ळ कारखान्याच्या अहवालात अडकल्यात. गाळप, गाळप, नुसतं गाळप. बाईंनी पालक करा म्हनल्यावर मी म्हनलं, बरं झालं."

आता त्यांचा आनंद मला कळला. ऊस गाळण्याचा तो अहवाल जुळवून, बांधून तयार होता, साहेबांच्या मंजुरीसाठी थांबला होता. त्याला हात लावायचा म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाशी खेळ. अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"गाळप मोडा," ते म्हणाले.

"आन् कारखान्याचा मानूस आला तर?"

"त्याला चहा पाजा. आणि बाई, या वेळी गोष्ट वाचा."

मी वाचली. प्रत्येक पालकापाशी थांबून विचारलं, तू बाप की मेंढपाळ? तेव्हा कुठे ते पान माझ्यापर्यंत पोचलं. मुलगी रडत असते. पाळक तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, 'ज्याचा विश्वास हरवलाय त्याला एकटं सोडायचं नसतं. त्याला घेऊन ये. दार उघडं आहे.' मला भरून आलं. असलं वाक्य मी आधी नुसत्या वेलांट्या मोजत ओलांडलं होतं, याची लाजही वाटली.

शुक्रवारी दुपारी फर्मा छापून झाला. कारखान्याचा माणूस आला नाही. शनिवारी पुस्तकं बांधून इंदापूरच्या एसटीत चढली, तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

रविवारी मी मुद्दाम प्रकाशनाला गेले. शिबिराच्या मांडवात एस्तेरने एका उंच, पांढऱ्या मिशांच्या माणसाशी ओळख करून दिली. "पप्पा, या प्रेसमधल्या ताई."

"माझ्यामुळे एक चूक झाली होती," मी म्हणाले. "पण आता पुस्तकात दुरुस्त केलीय."

"ठावं हाय मला. पोरीनं त्यो चुकीचा कागद घरी परत आनून टेबलावर टाकला हुता, म्या वाचला. पालक अविवाहित म्हनल्यावर छपाईची चूक हाय, एवढं कळतं मला." ते जरा जवळ सरकले. "फुडं वाचलं, पालकांनी पोरीच्या डोक्यावर हात ठिवला. म्हनले, त्याला घिऊन ये, दार उघडं हाय. म्हनलं, ही पन चूकच आसनार. आमच्या घरातला पालक काय असं बोलत न्हाय."

एस्तेर खाली बघत होती. मांडवाच्या शेवटच्या रांगेत एक चष्मेवाला तरुण खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता.

"मग त्यो कागद?" मी विचारलं. इंदापुरात मीही 'त्यो' म्हणून गेले.

"ठिवलाय जपून," ते म्हणाले. मग शेवटच्या रांगेकडे हात करून त्यांनी हाक मारली, "सुधीर, मागं कशाला बसलाईस? हितं फुडं ये."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी समासात 'सगळीकडे' कधी लिहिलं नाही. चुकीच्या पालकामुळे एकदा भलं झालं, म्हणून दर वेळी होईल असं नाही. गाळपाचा अहवाल मात्र सोमवारी पुन्हा जुळवावा लागला, आणि तात्यांनी एकेक ळ माझ्या डोळ्यांदेखत मोजून लावला.