हाय का कोनी घरात?

माझ्या नाकावर राग आहे आणि तो लपवायची मला गरज पडत नाही. उलट त्याच रागावर माझं चॅनल चालतं. बोरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. संध्याकाळी शटर ओढलं की मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून मी लाईव्ह गेम खेळतो. लोक मला खेळताना बघायला येत नाहीत, चिडताना बघायला येतात. हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर मी ते मुकाट्याने वापरलं.

मी खेळतो म्हणजे भांडतो. समोर नदी आली तर पूल शोधत बसत नाही. उडी मारतो, बुडतो, आणि मग ती नदी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. एका राक्षसासमोर मी एकोणीस वेळा मेलो. त्याला चुकवून जायचा रस्ता डाव्या हाताला होता, बघणारे लिहून लिहून थकले, "दादा, डावीकडं बघा की." पण मला कुणी सांगितलेलं आवडत नाही. विसाव्या वेळी राक्षस पडला तेव्हा मी टेबलावर असा हात आपटला की कीबोर्डचं एक बटण उडून कपाटाखाली गेलं. त्या दिवशी चॅनलवर सगळ्यात जास्त माणसं वाढली. तेव्हापासून माझा खरा राग कुठला आणि दाखवायचा कुठला, हे माझं मलाच सांगता येत नाही.

पेडगावचा माझा एक मित्र तोच गेम खेळतो. तो शाळेत शिक्षक आहे. गेममधली प्रत्येक पाटी तो थांबून वाचतो, दोनदा वाचतो, आणि माझ्या चार तासांच्या वाटेला त्याला आठवडा लागतो. मी त्याची टर उडवायचो. गेम एकच, पण माणूस आपलं सगळं बिऱ्हाड घेऊनच त्यात शिरतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं. फक्त वहिनी खेळायला बसेपर्यंत त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी आठवीत होतो. माहेर पालमचं. माझा राग तिने पोसला असं भाऊ म्हणतो, कारण मी ताट सरकवलं की ती दुसरं वाढायची. दुपारी भाऊ शेतात असतो, दुकानात कुणी नसतं, जेवणं उरकलेली असतात. अशाच एका दुपारी ती हात पुसत मागच्या खोलीत आली आणि म्हणाली, "भावजी, ते घोडं मला चालवू द्या की जरा."

गेम डोंगरातल्या गावांचा आहे. हरवलेल्या भावाला शोधत घोड्यावरून गावोगाव हिंडायचं. मी तिला शिकवायला बसलो. घर दिसलं की आत शिरायचं, मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या, मिळेल ते उचलायचं.

"कुनाच्या घरात?" तिने विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? गेम आहे हा, वहिनी."

"असू द्या. घर तर कुनाचं तरी असंल ना."

तिने घोडं लांब उभं केलं, वाटेतलं फाटक आठवणीने लावून घेतलं, दाराशी गेली आणि थांबली. मग खऱ्या तोंडाने, आमच्या गल्लीत मारतात तशी हाक मारली, "हाय का कोनी घरात?" आणि वाट बघत बसली. माझं डोकं सणकलं. म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही." ती म्हणाली, "येईल की. कामात असतील." दार काही उघडलं नाही. तिने घोडं वळवलं आणि दुसऱ्या घराकडे गेली. तीन आठवड्यांत तिने एक मडकं फोडलं नाही आणि तलवार एकदाही बाहेर काढली नाही.

जेवणानंतरचा तो तास तिचा झाला. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही, असं तिने भावालाही सांगून ठेवलं. त्याआधी आणि त्यानंतर दिवसभर आम्ही दोघं तिला हाका मारतच असायचो, चहासाठी, चावीसाठी, टॉवेलसाठी. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागून घेतलेली ही पहिलीच गोष्ट असावी. निदान मला दुसरी आठवत नाही.

मी विचारलं, "तुमचं खेळणं चॅनलवर टाकू का?" तिने कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "आवाज जाऊ द्या. तोंड न्हाई दाखवायचं. पालमात समदे वळखतेत मला." मी हो म्हणालो. नुसता आवाज आणि गेम असं टाकलं तर लोकांना ते फार आवडलं. दिवसभराच्या कामानंतर डोकं शांत होतं, असं कुणीकुणी लिहायचे. मी ते तिला वाचून दाखवायचो आणि ती हसून उठून जायची.

मग ती दुपार आली. डोंगराच्या टोकाला एका म्हाताऱ्याचं घर आहे. मी तो गेम दोनदा पुरा केलेला, दोन्ही वेळा त्या घरात लाथ मारून घुसलेलो, आणि दोन्ही वेळा म्हातारा ओरडत मागच्या दाराने पळालेला. वहिनीने हाक मारली आणि थांबली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी पुढे दुकानात गेलो. परत आलो तरी ती थांबलेलीच. आणि दार उघडलं. म्हातारा काठी टेकत बाहेर आला, हाताने बस म्हणाला, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि हरवलेल्या भावाचा ठावठिकाणा सांगितला. हे सगळं त्या गेममध्ये होतं आणि मला माहीतच नव्हतं. मी कधी थांबलोच नव्हतो.

उघड्या दारातून म्हातारा काठी टेकून उठताना दिसला त्याच क्षणी वहिनीचा हात आपोआप खांद्यावर गेला. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "उठू नका बाबा, बसा. मी हितंच बसते."

मला हसू आलं आणि आपणही तिच्याशेजारी गुमान बसावं असंही वाटलं. ते दुसरं जे होतं त्याला मी तिथंच दाबलं, आणि हसू घेऊन पुढे गेलो. याचा राग मला आजही येतो.

त्या दिवशी कॅमेरा चालू होता. उजेड बरोबर येतो का बघायला मी लावला होता आणि तसाच ठेवला होता. पदराचा प्रसंग नुसत्या आवाजात कळला नसता. मी तो अकरा सेकंदांचा तुकडा कापला, तिच्या तोंडासकट, आणि वर लिहिलं, "वहिनीला गेममधल्या सासऱ्याची लाज!" पुढे चार हसरी तोंडं टाकली. शब्द दिला होता हे मी विसरलो नव्हतो. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

दोन दिवसांत तो तुकडा कुठच्या कुठे गेला. त्याखाली लोकांनी गाणी लावली. माझी एकोणीस मरणं बघायला जेवढे आले नव्हते तेवढे तिचा पदर बघून हसून गेले, आणि मी दुकानात बसून आकडा बघत चहा पीत होतो.

त्याच आठवड्यात पालमला तिच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. भाऊ आणि वहिनी एसटीने गेले. तिथं काय झालं ते मला भावाने सांगितलं. ती अंगणात शिरली तशा दोघीतिघींनी डोक्यावर पदर ओढला आणि एका सुरात म्हणाल्या, "उठू नका बाबा!" वहिनी हसली. काय ते तिला कळलं नव्हतं, तरी हसली. मग कुणीतरी मोबाईल पुढे केला. तेही तिने गिळलं. पण थोड्या वेळाने तिचे थोरले चुलते घरातून बाहेर आले. ज्यांच्यासमोर तिने जन्मात उघडं डोकं ठेवलं नाही, ते. तिचा हात पदराकडे गेला आणि सगळं अंगण फुटलं. बायका हसल्या, पोरं हसली, आणि चुलत्यांना वाटलं आपल्यालाच हसायले. ते तसेच आत गेले. वहिनीचा हात खांद्यापाशीच राहिला होता, असं भाऊ म्हणाला. एवढं सांगून त्याने मला विचारलं, "तुला लय हसू आलं व्हतं का रे?"

मी तुकडा काढून टाकला. पण तो आता माझा राहिलाच नव्हता, दहा ठिकाणी होता. मी एकेकाच्या खाली जाऊन भांडलो. लाजा सोडल्यात का म्हणून लिहिलं, घरात आयाबहिणी नाहीत का म्हणून लिहिलं. त्यावर लोक खूश झाले. "दादा पेटला रे," असं लिहून ते मला आणखी डिवचायचे. तळपायाची आग मस्तकात जायची, आणि सगळ्यात चीड याची यायची, की ती हसरी तोंडं पहिल्यांदा मीच टाकली होती.

वहिनीने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने रोजच्यासारखं ताट वाढलं, चहा दिला. दुपारचा तास मात्र आला आणि गेला, ती आली नाही. मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. आठवड्याने मीच स्वयंपाकघरात घुसलो, डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकले आणि म्हणालो, "काढून टाकलंय मी ते."

"बरं केलं."

"मग खेळा की. कॅमेरा काढूनच टाकलाय."

ती परातीतलं पीठ गोळा करत होती. म्हणाली, "न्हाई भावजी. आता पदराकडं हात गेला की कोन हसायलंय का ते बघावं वाटतंय मला. घरात बी. गेमात जाऊन काय करू?"

मी दाण्यांचा डबा बंद केला आणि दुकानात जाऊन बसलो.

मग मला वाटलं, आपण नीट करू. लोकांना दाखवू की ती हसण्याची गोष्ट नव्हती. एका संध्याकाळी लाईव्ह सुरू केलं आणि नव्याने खेळत त्याच डोंगरावरच्या घरापाशी आलो. घोडं लांब ठेवलं. फाटक लावलं. दाराशी थांबलो आणि मनापासून, मोठ्याने हाक मारली, "हाय का कोनी घरात?"

खाली हसण्याचा पूर आला. "वहिनीची नक्कल एक नंबर." "पदर घ्या दादा, पदर." मी ओरडलो की ही नक्कल नाही. ते आणखी हसले. मी टेबलावर हात आपटला. त्यावर तर त्यांची हसून पुरेवाट झाली, कारण माझ्याकडून त्यांना हेच माहीत होतं. चिडणं किंवा टर उडवणं, यापलीकडे मी त्यांना काही दाखवलंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला. मधली भिंत एका विटेची आहे, या खोलीतला शब्द न् शब्द तिकडे जातो. मी हेडफोन काढून तसाच उठलो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. इतक्या वर्षांत त्या दारापाशी मी कधी थांबलो नव्हतो. सरळ आत जायचो, झाकण उचलायचो, काय केलंय म्हणून विचारायचो.

"वहिनी," मी बाहेरूनच म्हणालो, "मी चेष्टा नव्हतो करत."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, ती कुणी उलटली नाही.

"आत येऊ का?"

मग तिचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"आता इचारायलाव व्हय, भावजी?"

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. मी तिथंच उभा राहिलो.