लाइट आली की वाढणारा आकडा

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण शहापूरची एक साधी मिसिंगची केस काही डोक्यातून जात नाही.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. एका शेतकऱ्याची एकोणीस वर्षांची मुलगी बारावीला दुसऱ्यांदा नापास झाली आणि घरातून निघून गेली. मिसिंग दाखल करून आम्ही स्टँड, स्टेशन, नातेवाईक सगळं पालथं घातलं, पण हाती काही लागलं नाही. ठाण्याला नोकरीला असलेल्या तिच्या भावाने तिच्या फोटोचं वेब पेज केलं. ते कधी, कितीदा उघडलं गेलं याची त्यात नोंद होई. त्याचे छापील कागद घेऊन बाप माझ्यापुढे उभा राहिला.

"सायब, एरवी तासाला एक-दोन जन बघतात. मधीच एकदम आकडा उडतो. कोन बघतो एवढा? पोरगी कुनाच्या तावडीत तर नाय ना?"

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वेळा चमत्कारिक होत्या. एका आठवड्यात रोज दुपारी दोनला उसळी, तर पुढच्या आठवड्यात रोज चारला. मुलगी मुरबाडच्या ज्या सायबर कॅफेत कॉम्प्युटर शिकली, तिथे मी स्वतः गेलो. मालकाला अंधारातच समोर बसवून चांगला तासभर दमात घेतलं. तो गयावया करत असतानाच लाइट आली. सहाही कॉम्प्युटर सुरू झाले आणि सहाही पडद्यांवर तिचाच चेहरा उघडला!

"कॉम्प्युटर चालू झाला की पयला तिचाच फोटो उघडंल असा आमीच लावलाय, सायब," मालक म्हणाला. "तिचा बापूस येऊन रडला. त्याला काय बोललो नाय, पन गिऱ्हाईक बघंल तरी, म्हनून. शहापूरच्या कॅफेवाल्यांनी पन लावलाय."

लाइट यायची वेळ दर आठवड्याला बदलायची, म्हणून उसळीची वेळही बदलत होती. ही माणुसकी, आणि मी संशयित शोधत होतो. खरं सांगतो, लाज वाटली.

बापाला हे सांगितलं, तर त्याने ते कागद घडी करून माझ्या टेबलावर ठेवून दिले. त्याची एवढीच आशा होती. माझ्यातला हट्टी हवालदार मात्र जागा झाला. लाल पेन्सिल घेऊन लाइट आल्यानंतरच्या साऱ्या नोंदी खोडल्या. उरलेल्यांत एक गंमत दिसली. दर गुरुवारी दुपारी, शहापूर-मुरबाड दोन्हीकडे लाइट नसताना, कोणीतरी ते पेज लागोपाठ चार-पाच वेळा उघडत होतं. अनोळखी माणूस हरवलेल्याचा फोटो एकदा बघतो आणि पुढे जातो. पुन्हा पुन्हा बघणारी तीच असणार, लाइट असलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी गावातून.

मग मी ते पेज तिच्या नजरेने वाचलं. उंची, वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे, 'आढळल्यास पोलिसांना कळवावे' आणि आमच्या पोलीस ठाण्याचा नंबर. मजकूर मीच सांगितलेला. तिच्यासाठी त्यात एक अक्षर नव्हतं.

"ती गेली त्या दिवशी काय बोललात?" मी बापाला विचारलं.

"म्हनलो, तोंड दाखवू नको." मग तो म्हणाला, "लिवा सायब. परीक्षेचं मरू दे. मी चुकलो. तू ये."

भावाकडून शब्दन् शब्द तसाच पेजवर घातला. पुढच्या गुरुवारी दुपारी पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"सायब, ते बाबाच बोलले, का तुमी तुमच्या मनानं लिवलं?"

मी म्हणालो, "पोरी, 'मी चुकलो' असं लिहायला आम्हा पोलिसांना कोणी शिकवलेलंच नाही."