पाठमोरा फेर

ताईला व्हिएतनाममधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त चिडले ती मी. आमच्या घाटनांदूरच्या घरात पत्रकं इतकी असायची, की आम्ही दोघी बहिणी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवरच अक्षरं गिरवायला शिकलो. आमचे वडील, अण्णा, मोर्च्याहून आले की उरलेले गठ्ठे कोनाड्यात जायचे आणि तिथून आमच्या दप्तरात. त्या पत्रकांत व्हिएतनाम पुन्हा पुन्हा भेटायचा. भात लावणाऱ्या माणसांनी जगातली बलाढ्य फौज परतवून लावली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

"ज्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या फौजेला हाकललं, त्यांच्याच पोरांना तू इंग्रजी शिकवणार?" मी म्हणाले.

ताई बॅग भरत होती. "झालं का तुझं पत्रक वाचून? मग ती चटणीची बरणी दे इकडं."

ती पाच वर्षं केजला एका इंग्रजी शाळेत शिकवत होती. तिथं बाकीचे वर्ग वह्या भरायचे आणि हिचा वर्ग नाचायचा. 'म्हैस' शिकवायची तर ही स्वतः म्हैस व्हायची, बाकांमधल्या जागेला डबकं समजून तिथं बसायची आणि पोरं तिला इंग्रजीत विनवण्या करून उठवायची. शेजारच्या वर्गातले सर भिंतीवर थापा मारायचे. त्याच म्हशीचा व्हिडिओ फिरत फिरत त्या दूरच्या मुख्याध्यापकांपर्यंत गेला आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं.

बोलावलं खरं, पण ती तिथं पोचली तेव्हा पालकांच्या सभेत कुरबूर झाली. त्यांना गोरी बाई हवी होती. कापडाचं दुकान चालवणाऱ्या एका आईनं तर उभं राहून सांगितलं, "इंग्रजी शिकायची ती इंग्रजांकडून." तिची मुलगी ताईच्याच वर्गात होती. शेवटी असं ठरलं, की दोन महिन्यांनी ताईनं मुलांचा एक कार्यक्रम करायचा. मुलं एकेकटी इंग्रजी बोलताना दिसली तर ती राहणार, नाही तर परत.

हे कळल्यावर मी फोनवर पेटले. कातडीचा रंग बघून मास्तर निवडणाऱ्यांना लाथ मार आणि ये, म्हणाले. ताई शांतपणे म्हणाली, "मी आले तर त्यांचंच खरं ठरंल. तुला ते पायजे का?"

तिची लढाई मी घरात बसून लढत होते आणि ती मात्र रोज सकाळी वर्गात उभी राहत होती.

अडचण वेगळीच निघाली. पोरं एका सुरात छान म्हणायची, पण एकाला उभं केलं की त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. दुकानवाल्या आईची मुलगी तर तीन आठवड्यांत एक शब्दही बोलली नव्हती. ताईनं हे फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. आई भाकरी थापत ऐकत होती.

"तू तरी कुठं बोलत हुतीस लहानपणी?" आई म्हणाली. "पावनं आले की कणगीमागं. पंचमीच्या फेरात घातली तवा तोंड उघडलं तुझं. हात धरले की मान्साला भ्या वाटत न्हाई."

नागपंचमीला आमच्या गल्लीत बायका हातात हात घालून गोल फेर धरतात. एक पाय आत, एक पाय मागं. एकजण ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. दुसऱ्या दिवशी आईनं अंगणात तीन शेजारणी गोळा केल्या आणि मला फोन धरायला लावला. विरजण मागायला आलेली काकू कौतुकानं बघत उभी राहिली, तर आईनं तिचं मनगट धरून तिलाही आत ओढलं.

"अवं माझं दूध नासंल की!"

"नासू द्या. फेर बघायचा नसतो, धरायचा असतो." मग माझ्याकडं वळून, "तू बी ये की गं, खांबावानी उभी कावून?"

"मी व्हिडिओ काढतेय," मी म्हणाले.

"हिला नुसतं बघून बोलायला पायजे," आई शेजारणींना म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

त्या व्हिडिओवरून ताईनं नाटक बसवलं. गोष्ट बाजाराची. पोरं फेर धरून विचारणार, 'व्हॉट इज इन युअर बास्केट?' मग एकजण टोपली घेऊन मध्ये येणार आणि आपल्या टोपलीत काय आहे ते सांगणार. पहिल्या आठवड्यात त्या मुक्या मुलीचे ओठ हलले. दुसऱ्या आठवड्यात, दोन्ही हात धरलेले असताना, ती सगळ्यांबरोबर प्रश्न विचारू लागली. मध्ये एकटी यायला मात्र तयार नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी तिकडं सकाळचे दहा वाजले होते, इकडं साडेआठ. ताईनं व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत ठेवला होता. पालक खुर्च्यांवर बसले, पोरं आली, हात धरले, फेर सुरू झाला. आईनं टाळी वाजवली.

मी मात्र ओरडले. "आई, लोकांना नुसत्या पाठी दिसतायत!"

"मंग? फेर आसाच असतो."

तसाच असतो. आमच्या फेराला प्रेक्षक नसतात, म्हणून सगळी तोंडं आत. ताईनं इतके दिवस पोरांबरोबर आत उभं राहून तालीम घेतली होती. बाहेरून कसं दिसेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पालक मोबाईल उंच करून माना वाकड्या करत होते. कुजबुज वाढली. दुकानवाली आई उठून उभी राहिली. मुख्याध्यापक घड्याळ बघू लागले. ताईनं वळून खुर्च्यांकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरलेला मला इतक्या लांबून दिसला.

मग तिनं पोरांचे हात सोडवले, तरातरा चालत गेली, त्या दुकानवाल्या बाईचं मनगट धरलं आणि तिला सरळ फेराच्या मधोमध नेऊन उभं केलं. वर टोपली तिच्या डोक्यावर ठेवली.

पोरांनी विचारलं, तुझ्या टोपलीत काय आहे? बाईला कुठलं इंग्रजी येतंय. ती लाल झाली, हसली, इकडंतिकडं बघू लागली. पोरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा फेरातून तिची मुलगी सुटली, आईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात बोलली.

"काय म्हणली गं?" आईनं माझा दंड धरला.

"माझ्या आईच्या टोपलीत दोन निळे शर्ट हायेत आन् ती ते स्वस्तात देणार न्हाई, म्हणली."

"आगं माय! एकटीच बोलली की!"

त्यानंतर दुसऱ्या आया, मग एक आजी, मग दोन बाप. पोरं त्यांना ओढत होती, प्रश्न विचारत होती आणि अडले की एकेकटी पुढं येऊन उत्तरं देत होती. खुर्च्या रिकाम्या झाल्या. ताई कडेला उभी राहून घाम पुसत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ऱ्हा म्हणलेत वर्षभर. सभेत दुकानवालीनंच आधी हात वर केला. पण मुख्याध्यापक म्हणले, पुढच्या वेळी पोरांची तोंडं लोकांकडं करा."

"मंग?" आईनं विचारलं.

"मी म्हणलं, तोंडं आतच राहतील. खुर्च्याच मांडू नका."

इतकी वर्षं पत्रकं वाचून मला असं एक वाक्य सुचलं नव्हतं. येत्या पंचमीला फेर धरताना फोन कुणाकडं द्यायचा, याचा मी विचार करतेय.