माशाच्या तेलाचे उंदीर

नोकरीची शेवटची चार वर्षं मी उंदरांची चाकरी केली. आमच्या बोनकोडे गावात हे सांगितलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं घालायचं. चौथी शिकलेल्या बाईला पिंजऱ्यांवरचे आकडे वाचता येतात, तेवढं पुरत होतं.

तिथे साताऱ्याकडची एक मुलगी पीएचडी करत होती. तिने उंदरांचे तीन गट केले होते. पीठ सगळ्यांना एकच, तेल वेगळं. एका गटाला खोबरेल, दुसऱ्याला सोयाबीनचं, तिसऱ्याला माशाचं. आठ आठवडे असं खाऊ घालून मग त्यांची प्लीहा आणि छातीतली एक बारीक पांढरी गाठ तपासायची. शरीर रोगाशी लढतं ते या अवयवांच्या जोरावर, असं ती सांगायची. तेलाप्रमाणे त्यांच्यातली प्रथिनं बदलतात का, हे तिला बघायचं होतं. वर्षअखेरीला तिची शिष्यवृत्ती संपणार होती. प्रयोग बिघडला असता तर पदवी गेलीच म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात माशाच्या तेलाच्या उंदरांनी खाणं टाकलं. मी त्यांच्या खाण्याचा, पीठ-तेलाचा गोळा हातात घेऊन हुंगला.

"मॅडम, तेल खवट झालंय."

"मावशी, माशाचं तेल आहे. वास येणारच."

तिच्या घरी अंडंसुद्धा शिजत नव्हतं. तिला सगळ्या माशांचा वास सारखाच घाण. मी खाडीकाठची, ताजा बोंबील आणि नासका बोंबील मला डोळे मिटूनही कळतो. पण मला राग आला आणि मी गप्प बसले. उंदीर वाळले की बोल मलाच लागणार होता. म्हणून मी खोबरेलवाल्यांचे गोळे माशाच्या तेलवाल्यांच्या पिंजऱ्यांत टाकायला लागले.

आठवड्याने वजनं करताना ती नाचायचीच बाकी राहिली.

"बघा मावशी, वाढलं वजन! उगाच घाबरवलंत."

ती ते वहीत लिहायला लागली. खोटं खाणं मी घातलं होतं, आणि खोटं लिहिणार होती ती. मी भुशाची पाटी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

ती स्टुलावर बसली.

"किती दिवस?"

"सहा."

"मला ओरडून सांगायचं ना, मावशी!"

"सांगितलं की. तुमी ऐकलं नाय."

आता मला कामाला लावणाऱ्या कंत्राटदाराला फोन जाणार, असं मी धरूनच चालले. तिने वापरातली बाटली माझ्या नाकासमोर धरली. मग एक नवी उघडून धरली.

"आता सांगा."

"ही चांगली हाय. ती फेका."

मग तिने स्वतः दोन्ही हुंगल्या. तोंड वाकडं करत, परत परत, फरक कळेपर्यंत.

आम्ही दोघी तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सर, तेलाची चूक माझी. मावशींनी आधीच सांगितलं होतं." माझी चूकही तिने लपवली नाही, पण आधी स्वतःची सांगितली. सरांनी दोघींना झापलं आणि नवे उंदीर घ्यायला सांगितलं. वर्ष संपायच्या आत आठ आठवडे जेमतेम बसत होते.

या वेळी खाणं रोज ताजं घातलं, तेल फ्रीजरमध्ये ठेवलं. तिने वहीत नवा रकाना आखला, 'वास'. त्याच्यापुढे सही माझी. मी रेशनच्या दुकानात सह्या केल्या होत्या, बँकेत केल्या होत्या. माझं मत विचारून त्याखाली कुणी सही घेतली नव्हती.

प्रयोग पुरा झाल्यावर तिने मला एक फोटो दाखवला. त्यात प्रथिनांच्या काळ्या पट्ट्या होत्या. माशाच्या तेलाच्या रांगेत काही गडद, काही फिक्या.

"म्हणजे माशाचं तेल चांगलं?"

"ते अजून सांगता येत नाही. फरक पडतो, एवढं नक्की."

"एवढ्यासाठी दोन महिने?"

"एवढ्यासाठीच," ती म्हणाली आणि हसली.

तिला पदवी मिळाली. मला काढून टाकणं तिला सोपं होतं. तिने त्याऐवजी माझं नाक कामाला लावलं. तेव्हा मी तिचे आभार मानले नाहीत. तेवढे मानायचे राहिले होते, म्हणून हे लिहिलं.