कानाजवळ राहिलं

न्हाव्याला सगळं गाव रेडिओ म्हणायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, की हा सुरू. वायर नाही, बॅटरी नाही, आणि बंद करायचं बटण कुठे आहे ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्या बायकोला सापडलं नव्हतं. दुकान ते केवढं! दोन खुर्च्या, एका कोपऱ्यात तडकलेला लांब आरसा आणि भिंतीलगत एक बाकडं. त्या बाकड्यावर ज्यांना केस कापायचे नाहीत अशीच माणसं जास्त. टकला प्लंबर तर रोज हजर. "तुझं रे काय काम इथं?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आठवणी ताज्या करायला येतो."

रेडिओकडे गोष्टी होत्या पोत्यानं. त्यातल्या निम्म्या खऱ्या, निम्म्या खऱ्यासारख्या. पण एक गोष्ट अशी होती की तिच्यात तो मीठमसाला घालायचा नाही. ती त्याची स्वतःची होती.

मंगळवारी दुकान बंद असायचं. बाकीचे न्हावी त्या दिवशी ताणून देत. हा मात्र वस्तरा, ब्रश आणि तुरटीचा खडा पेटीत टाकून सरकारी दवाखान्यात जायचा आणि ज्यांना उठून बसता येत नाही अशांच्या दाढ्या करून यायचा. फुकट. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. त्याचे वडील शेवटच्या आजारात तिथे होते, तेव्हा वाढलेल्या दाढीमुळे बाप ओळखू न येऊन हा त्याच्या खाटेवरून पुढे गेला होता. एवढंच कारण.

तिथे एकदा एक घड्याळजी होते. त्यांना अर्धांगाचा झटका आलेला, वाचा गेलेली. महिनोन्‌महिने तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलगी उशाशी बसून रोज हाका मारायची, "बाबा, अहो बाबा," आणि बाबा आपले छताकडे बघताहेत. रेडिओनं त्यांना फेस लावला आणि नेहमीप्रमाणे तोंडाचा पट्टा सोडला. प्लंबरचं टक्कल, शाळेतले मास्तर, हरवलेली बकरी, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. दाढी झाली, चेहरा पुसला, कापड झटकलं. तोच घड्याळजींचे ओठ हलले.

"कानाजवळ राहिलं."

नर्सच्या हातून ट्रे पडला. मुलगी हसावं की रडावं ते न कळून दोन्ही करायला लागली. रेडिओ तसाच उभा, तोंड उघडं, शब्द नाही. तेव्हा म्हातारा पुन्हा बोलला, "आणि बडबड कमी कर."

हे दुसरं वाक्य रेडिओला पहिल्यापेक्षा प्यारं. हे सांगताना तो कात्री खाली ठेवायचा. "बघा," म्हणायचा, "देवाघरच्या दारातून माणूस परत आला, तो मला गप्प बसवायला!"

आता आमदारांचं सांगायला हवं. आमदार आणि रेडिओ एका बाकावर बसून शिकलेले, एका छडीचा मार निम्मा निम्मा खाल्लेले. लहानपणी आमदार गाल फुगवून वर्गाला हसवायचा म्हणून त्याचं नाव फुग्या. पुढे तो राजकारणात शिरला, गाव त्याला साहेब म्हणू लागलं, पण दाढीला दर सोमवारी तो याच खुर्चीत. आणि रेडिओ वस्तरा पाजळत म्हणायचा, "फुग्या, गाल फुगव." असं म्हणायची परवानगी गावात एकट्या रेडिओला होती.

फुग्या पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा चौकातल्या सभेत कुणीतरी ओरडलं, "यानं लोकांसाठी केलंय काय?" प्रश्न रास्त होता. फुग्या घामाघूम. त्याच्या प्रचाराला शेजारच्या टेबलावर उभा होता रेडिओ, आणि मित्राची लाज चाललेली त्याला बघवेना. बोलण्याच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो, घड्याळजींच्या दाढीच्या वेळी गरम पाण्याचं भांडं धरून कोण उभं होतं? हाच की!"

टाळ्या कडाडल्या. वास्तविक दवाखान्यातल्या फिनेलच्या वासानंच फुग्याला भोवळ यायची. वॉर्डाचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. घरी आल्यावर बायको म्हणाली, "गोष्टीत पाहुणा घेतलात. आता उठवून दाखवा."

"अगं, भांडंच तर धरायला दिलंय," रेडिओ हसला.

दुसऱ्या निवडणुकीत ही गोष्ट फुग्यानं स्वतःच सांगितली. "आम्ही दोघं आळीपाळीनं दाढ्या करायचो," म्हणाला. दुकानात प्लंबरनं छेडलं तेव्हा रेडिओनं वेळ मारून नेली. "मित्र आहे. एक गाल त्याचा, एक माझा."

यंदा फुग्या तिसऱ्यांदा निवडून आला. शपथेला जाण्याआधी तो दुकानात आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "या खेपेचा पहिला कार्यक्रम तुम्हा लोकांचा. फुकट राबणाऱ्यांचा सत्कार. शाळेपुढे गाड्या थांबवणारी ती बाई, म्हाताऱ्यांचे नळ दुरुस्त करणारा हा आपला टकल्या आणि तू. तुझी गोष्ट मी स्वतः स्टेजवरून सांगणार."

रेडिओच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "पूर्ण सांग हं. आणि ते दुसरं वाक्य गाळू नकोस."

"गाळीन कसा?"

रेडिओनं त्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय काढला नाही. जन्मभर गोष्ट त्यानं सांगितली होती. आता ती कुणीतरी सांगणार आणि तो खाली बसून ऐकणार, एवढ्याचं त्याला अप्रूप. घड्याळजी वारले होते, पण त्यांच्या मुलीला तो स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आला. "तू ये हं, ताई. तू साक्षीदार आहेस."

रविवारी सभागृह भरलं. रेडिओ ठेवणीतला कोट घालून पुढच्या रांगेत, शेजारी बायको, पलीकडे घड्याळजींची मुलगी. गाड्या थांबवणाऱ्या बाईला मानचिन्ह मिळालं, तिनं सवयीनं हात वर केला आणि टाळ्या खरंच थांबल्या. सगळे हसले. प्लंबरचं झालं. मग साहेब माइकपुढे आले आणि आवाज खाली आणून बोलू लागले.

"लोक विचारतात, सेवा कुठे शिकलात? मी सांगतो, दवाखान्यात. तरुणपणी मी मंगळवारी तिथे जायचो. या हातांनी रुग्णांच्या दाढ्या केल्यात. एक घड्याळजी होते..."

रेडिओला आधी वाटलं, चुकला असेल, सावरेल. पण साहेबांनी फेस लावला, साहेबांनी वस्तरा फिरवला, आणि घड्याळजी साहेबांना म्हणाले, "कानाजवळ राहिलं." सभागृहाचे डोळे पाणावले. साहेब तिथेच थांबले. दुसरं वाक्य आलंच नाही. साहेबांना 'बडबड कमी कर' कोण म्हणेल?

"त्यांची कन्या इथे बसली आहे," साहेब म्हणाले. "ताई, खरं ना?"

सगळ्या माना वळल्या. रेडिओही वळला. ताईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीवरच्या पिशवीकडे, आणि मान डोलावली. तिच्या मुलाला गेल्याच वर्षी साहेबांच्या शब्दावर नोकरी लागली होती.

"आणि त्या वेळी गरम पाण्याचं भांडं धरून जो उभा होता, तो माझा जुना सहकारी..."

टाळ्यांत रेडिओ उठला. पायऱ्या कशा चढला ते त्याला कळलं नाही. हातात मानचिन्ह आलं, पुढे माइक आला. "बोल, बोल!" लोक ओरडले. सगळ्या गावाला माहीत, याला माइक दिला की उद्या सकाळीच परत मिळणार. रेडिओनं साहेबांकडे पाहिलं. साहेब गालातल्या गालात हसत होते, अगदी शाळेतल्यासारखं. रेडिओ काही न बोलता खाली उतरला.

"भारावून गेला बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं.

घरी बायकोनं मानचिन्ह कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. "जन्मभर तुम्ही कुणाला वस्तऱ्याचा ओरखडा येऊ दिला नाहीत," ती म्हणाली, "आणि त्यानं तुमचा केसानं गळा कापला." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं चहा ठेवला.

सोमवारी सकाळी साहेब दुकानात हजर. गाडी बाहेर उभी, तिथून थेट शपथेला जायचं. बाकड्यावर प्लंबर होता. तो उठायला लागला, तर रेडिओनं त्याला बसायची खूण केली. कापड गुंडाळलं, फेस लावला, वस्तरा फिरू लागला. दुकानात नुसती खरखर.

"रागावलास होय रे?" साहेबांनी आरशातूनच विचारलं.

रेडिओनं वस्तरा पुसला. "गोष्ट माझी होती."

"अरे, गोष्टीचं काय घेऊन बसलास! मानचिन्ह मिळालं, फोटो निघाला, लोकांना बरं वाटलं. कुणाचं नुकसान झालं?"

"मी तिथे उभा होतो, फुग्या. तू नव्हतास."

साहेबांनी मान वळवली. गालावर फेस, डोळे मात्र कोरडे. "आणि मला त्या वॉर्डात नेलं कुणी? मी आलो होतो सांगायला? टेबलावर चढून भांडं माझ्या हातात कुणी दिलं? तूच ना?"

रेडिओ पुन्हा कामाला लागला. उजवा गाल झाला, हनुवटी झाली, डावा गाल झाला. मग त्यानं फेस पुसला, तुरटी फिरवली, कापड झटकलं. साहेबांनी आरशाजवळ तोंड नेलं, हा गाल, तो गाल, आणि बोट लावून म्हणाले,

"कानाजवळ राहिलं रे."

बाकड्यावर प्लंबरनं श्वास रोखला. साहेबांना आपण काय बोललो ते कळलंच नाही. रेडिओनं वस्तरा उघडला, मूठ पुढे करून त्यांच्यासमोर धरला.

"घ्या, साहेब. तुम्हाला येतं की."

इतक्या वर्षांत त्या दुकानात 'साहेब' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. साहेब हसायला गेले, हसू अर्ध्यावर राहिलं. वस्तरा हातात घेऊन कानापाशी नेला, आरशात पाहिलं, आणि सावकाश टेबलावर ठेवून दिला. बाहेर गाडीचा दरवाजा आपटला.

मंगळवारच्या पेपरात शपथेचा फोटो होता. हात वर केलेला, आणि डाव्या कानापाशी पांढऱ्या खुंटांचा एक ठिपका. माहीत असेल त्यालाच दिसेल असा. बायकोनं विचारलं, "मुद्दाम ठेवलंत?"

"नाही गं. तिथे आल्यावर हातच चालेना."

दुपारी तो दवाखान्यात गेला. खिडकीजवळच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक हमाल होता, गप्पांना आसुसलेला. फेस लावताना तो खुशीत म्हणाला, "कालच नर्स सांगत होती. साहेबांनी त्या घड्याळवाल्याची दाढी केली ती खाट हीच म्हणे! आणि पाणी धरून उभे होते ते तुम्हीच ना? सांगा की हो, काय झालं होतं?"

घड्याळजींची खाट तीच होती. रेडिओचा ब्रश क्षणभर हमालाच्या गालावर थबकला. सगळी गोष्ट ओठांपर्यंत आली. नर्सच्या ट्रेपासून दुसऱ्या वाक्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न होता.

"हनुवटी वर," तो म्हणाला, आणि दाढी संपेपर्यंत पुढे काही बोलला नाही.